खोली नंबर त्रेचाळीस

मौजे कुसवंडे, बुद्रुक आणि खुर्द धरून,
आता एवढंच उरलंय :
डिलाईल रोड, तिसरा मजला, जिन्याला लागून,
दहा बाय बारा.

इथे कधीकाळी चव्वेचाळीस पथाऱ्या होत्या, पाळ्यापाळ्यांनी.
वरची आळी खुंट्यांच्या भिंतीला,
खालची आळी मोरीकडे,
धनगरवाडा दाराबाहेर, गॅलरीत.
गाव जसं होतं तसंच झोपायचं.
भांडणंसुद्धा बांधावरचीच.
माझा आजा कोंडिबा शेलार आणि गेनू सपकाळ
बारा वर्षं एकमेकांकडे पाठ करून निजले
एका फणसापायी.
फणस पाण्याखाली गेला
तरी पाठी वळल्या नाहीत.

बायांनी इथे राहायचं नाही, असा नियम होता.
पाणी चढलं त्या साली आजी आली,
डोक्यावर जातं घेऊन.
कुणीतरी म्हणालं, मुंबईत जातं कशाला?
ती म्हणाली, मग काय माशांना दळायला ठिवू?
लुगड्याचा आडोसा करून एक रात्र राहिली.

मग ज्याला जशी जमीन लागली तसा तो गेला.
कुणी पनवेलच्या खाजणात, मिठात.
कुणी माळशिरसच्या माळावर.
धाकलूआबांच्या कागदावरची जमीन
आधीच दुसऱ्या कुणाची होती,
तो काठी घेऊन उभा.
त्याचंही चूक नव्हतं, असं आबा अजून म्हणतात.

पत्र्याच्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते,
कारण हिशेब लिहिणारी आता मीच. कुंदा. पतपेढीत कॅशियर.
पेटीत भैरीचे टाक, एक तुटका घुंगूर,
आणि नोटिसा : कलम चार, कलम सहा, कलम नऊ.
आंबा, रायवळ, एक. रुपये अकरा.
घर, कौलारू, एक.
विहीर : तपशील नाही.

चाळ पाडणार आहेत. टॉवर होईल.
बिल्डरचा पोरगा आला, नम्र, अत्तर लावलेला.
पावती पाहून थबकला.
'भाडेकरू : समस्त ग्रामस्थ. ही व्यक्ती आहे का?'
गाव आहे, मी म्हटलं.
'कुठे?'

मी रजा टाकून तालुक्याला गेले.
कारकुनाने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग कपाटात.
भला माणूस. चहा मागवला.
म्हणाला, ताई, हे गाव यादीतून कमी झालंय.
नसल्याचा दाखला देता येईल.
असल्याचा नाही.

रविवारी बैठक बोलावली. नऊ जण आले.
धाकलूआबा माळशिरसहून एसटीने,
शहाऐंशीव्या वर्षी, जिना चढून, बसत बसत.
संमतीपत्रावर बोट फिरवत म्हणाले,
तवाबी अंगठा मागितला हुता.
तवाबी च्या पाजला हुता.
आणि समोरचा चहा बशीत ओतून प्याले.

पोरगाच शेवटी म्हणाला, जुनं लाइटबिल असेल तर चालेल.

होतं. तारेत ओवलेलं साठ वर्षांचं बिल,
खालची पिवळी पडलेली, नया पैशांतली,
प्रत्येकावर छापलेलं नाव :
कुसवंडे ग्रामस्थ मंडळ.
एकही हप्ता चुकलेला नव्हता.

कुणी काहीच बोललं नाही.
कुसवंड्यात कधी खांब आला नव्हता.
कंदिलाची काच राखेने पुसायची पोरं,
धरणाच्या भिंतीवर दिवे लागले
तेव्हा ती पोरं ट्रकमध्ये होती.

पोरगा बिलाचे फोटो काढू लागला.
दुपारीच अंधारून येते आमची खोली,
पलीकडे एक टॉवर झालाच आहे.
'मॅडम, नाव नीट येत नाहीये. लाइट लावता का?'

मी बटण दाबलं.
ट्यूब दोनदा लुकलुकली, मग स्थिरावली.
आबा मान वर करून बघत राहिले,
ओळखीचं कुणी जिना चढून येतंय
अशागत.